सावलीचा धंदा

"ह्याला ऊन किती लागतं हो?"

हा प्रश्न मी लहानपणी जितक्या वेळा ऐकला, तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल. आजोळची नर्सरी सोलापूर रस्त्याला, हडपसरच्या पुढे. मे महिन्यात माझी जागा गल्ल्याशेजारी, पालथ्या घातलेल्या मोठ्या कुंडीवर. गिऱ्हाईक यायचं, मोगऱ्याची पिशवी उचलून बुडाशी दाबून बघायचं (त्यातून काय कळायचं कोण जाणे), आणि मग हा प्रश्न. तात्यांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, उत्तर ठरलेलं. "झाडाला विचारा. आठ दिवसांत सांगेल." त्यावर कुणी चिवटपणे "पण जगेल ना?" असं विचारलंच, तर "माझ्याकडे तरी जगलंय." एवढ्या बोलण्यावर धंदा तीन पिढ्या कसा टिकला, ह्याचं मामाला अजून नवल वाटतं. मला नाही वाटत. गाव पुणं होतं.

ह्या तीन पिढ्यांचा इतिहास एकदा नीट लिहून काढावा म्हणून मी मध्यंतरी बसले, तर कागद म्हणून हाताशी काही नाही. उधारीच्या वह्या वाळवीने खाल्लेल्या, फोटोत माणसांपेक्षा शेवंतीच जास्त. शेवटी ध्यानात आलं की आमच्याकडे सनावळ्या छपरांवरून लागतात. "पाचटाच्या मांडवाच्या वेळी", "जाळी आली तेव्हा", "प्लास्टिकच्या आधी". लग्नं, बारशीसुद्धा ह्याच हिशेबाने.

तात्या पोरसवदा असताना कॅम्पातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर माळ्याच्या हाताखाली होते. तिथे मागच्या अंगाला लाकडी पट्ट्यांचं एक जाळीदार घर होतं, आत नेचे आणि बिगोनिया. तात्या त्याला 'फन्नरी' म्हणत. तो फर्नरी शब्द होता हे मला कॉलेजात गेल्यावर उमगलं. साहेब गेला, बंगला विकला गेला, पण फन्नरी तात्यांच्या डोक्यात राहिली. पन्नासच्या दशकात त्यांनी कालव्याकाठी थोडी जमीन खंडाने घेतली आणि पहिलं छप्पर घातलं.

कालव्याकाठी, हे महत्त्वाचं. खडकवासल्याचं धरण 1870 च्या दशकात बांधून झालं आणि मुठेचा उजवा कालवा शहर ओलांडून हडपसर-मांजरीकडे आला. इकडच्या बागा, ऊस, भाजीचे मळे ही सगळी त्या पाण्याची लेकरं. ह्याच धरणाच्या कामावर जोतीराव फुले कंत्राटदार होते आणि मांजरीला त्यांची शेती होती. त्यांचं मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुलं पुरवायचं काम घराण्याकडे आलं आणि लोक फुले म्हणू लागले. फुलांच्या धंद्याने आडनावच पालटावं, एवढा मान आमच्या वाट्याला आला नाही. आमचं आडनाव आहे तसंच राहिलं, त्याच्यापुढे फक्त 'अँड सन्स' लागलं. त्याबद्दल मला बोलायचं आहे, पण आधी छप्पर.

बांबूचे मेढे, त्यावर आडव्या काठ्या, वर शेजारच्या फडातलं उसाचं पाचट आणि मिळतील तशा झावळ्या. होळी झाली की थर जाड करायचा, मृगाच्या आधी विरळ करायचा. पाचटातून ऊन कवडशांनी खाली यायचं आणि सूर्य सरकेल तसे कवडसे सरकायचे. एका पानावर ऊन थोडा वेळ थांबायचं आणि पुढे जायचं. पान करपायच्या आत तिथे सावली आलेली असायची. लहान असताना मी त्या कवडशांवर पाय न देता मांडव ओलांडायचा खेळ खेळायचे. त्यात एक शास्त्र होतं हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. तात्यांनाही ते शास्त्र म्हणून ठाऊक नसावं.

पुढे हरितगृहांविषयी वाचलं तेव्हा मौज वाटली. युरोपातल्या धनिकांना थंडीत संत्र्याची झाडं जगवायची होती, म्हणून त्यांनी काचेची घरं बांधली. काचेतून ऊन आत येतं, आतली माती आणि हवा तापते आणि तापलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते. लंडनमधला 1851 च्या प्रदर्शनाचा तो अवाढव्य क्रिस्टल पॅलेस ज्याने उभारला, तो जोसेफ पॅक्स्टन धंद्याने माळीच. तर तिकडच्या माळ्यांचा धंदा उबेचा. आमच्याकडे ऊब फुकट आणि नको इतकी. आम्ही सावली विकत आलो.

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या धंद्याच्या गोष्टीत पानशेतचा पूर असतोच, आणि तो नेहमी दुकानाच्या माळ्यापर्यंत आलेला असतो. आमच्याकडे तो उलटा आला. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यात खडकवासलाही गेलं. शहरात वाडे वाहून गेले आणि आमच्या कालव्यात पाणी नाही. पाऊसकाळ होता म्हणून रोपं वाचली. नंतर गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वस्त्या उठल्या, तिकडची माणसं नर्सरीत यायला लागली. कुणाचा वाडा गेलेला, कुणाची भांडीकुंडी, आणि मागत काय होती, तर तुळस. तात्यांनी त्या वर्षी तुळशीचे पैसे घेतले नाहीत म्हणतात. मामा म्हणतो, घेतले, पण अर्धे. मामाच्या म्हणण्यावर माझा विश्वास जास्त आहे.

आता 'अँड सन्स'. पाटी रंगवली तेव्हा मामा चार वर्षांचा होता आणि एकुलता एक. म्हणजे ते अनेकवचनही आगाऊच. नर्सरीतलं नाजूक काम सगळं आजीच्या बोटांत होतं. गुलाबाचा डोळा भरायचा तो तिने. खुंटाच्या सालीला इंग्रजी टी सारखी चीर, सालीखाली डोळा अलगद सरकवायचा आणि बांधून टाकायचं. डाळिंबाची गुटी बांधायची तीही तिने. बोटाएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल सोलायची, त्यावर ओलं शेवाळ लपेटायचं, चिंधीने आवळायचं. प्लास्टिकचा कागद तेव्हा कुठला? वरच्या फांदीला एक बारकं मडकं टांगायची, तळाला भोक, भोकात चिंधीची वात, आणि गुटीवर थेंब थेंब पाणी. दीड-दोन महिन्यांत मुळं फुटायची. ह्या सगळ्या चिंध्या आजीच्या जुन्या लुगड्यांच्या. नवं सुती कापड चरचरतं, म्हणायची, सालीला लागतं; दहा वर्षं धुतलेलं लुगडं हवं. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात आमच्या कुंड्या जायच्या तेव्हा कोट घालून उभे राहायचे ते मात्र तात्या.

दुसरं छप्पर मामाचं. हिरवी शेडनेट. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण आता ती सगळ्यांच्याच पार्किंगवर आहे. पण पहिल्यांदा लागली त्या दिवशी सगळ्यांची तोंडं हिरवी दिसायला लागली आणि आजीने मामीला विचारलं, तुला काय कावीळ झाली का. जाळी टक्क्यांवर मिळते. पन्नास टक्के म्हणजे अर्धं ऊन अडणार, पंचाहत्तर म्हणजे पाऊण. तात्यांना हे टक्के आवडले नाहीत. पाचट हाताने बाजूला सारता यायचं. आज वैशाख आहे की ढग आलेत, ते बघून सावली घट्ट-पातळ करता यायची. जाळीला एकच उत्तर पाठ, बाराही महिने. मामाचं म्हणणं, दर वर्षी पाचट चढवायला माणसं कोण देणार? दोघेही बरोबर होते, आणि अशा वेळी घरात जे होतं ते झालं. दोन वर्षं अर्ध्या नर्सरीवर जाळी, अर्धीवर पाचट.

गिऱ्हाईकही त्याच सुमारास पालटलं. बंगलेवाले आंब्याचं कलम, नारळ, पारिजातक न्यायचे. आता फ्लॅटवाले आले, आठ इंची कुंडी घेऊन. "बाल्कनीत येईल असं काहीतरी द्या." मामाने निमूटपणे मनीप्लँट लावायला घेतला.

तिसरं छप्पर मामेबहिणीचं. शेतकी कॉलेजात शिकली, तळेगाव दाभाड्याला हरितगृहाचं प्रशिक्षण घेऊन आली आणि कर्ज काढून दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभं केलं. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर दोनशे मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, आत ठिबक, धुक्यासारखं पाणी उडवणारे फॉगर. अर्ध्यात जरबेरा, म्हणजे हारतुऱ्यांची ती मोठाली रंगीत फुलं, अर्ध्यात ट्रेमधली भाजीची रोपं. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच खरंखुरं, साहेबाच्या अर्थाचं ग्रीनहाऊस आलं. ती हे बोलत नाही, पण मला दिसतं की तिला तात्यांची फन्नरी मागे टाकायची होती.

मग एप्रिल आला. बाहेर अडतीस, आत त्याच्याही वर. हिने आतून सावलीची जाळी ओढली. तरी भागेना, म्हणून बाहेरून त्या लाखांच्या कागदावर चुना मारला. सगळे मारतात, तशी रीतच आहे. तात्यांना तेव्हा ऐंशी उलटून गेलेली, खुर्ची मांडून ते हे बघत बसले होते. म्हणाले, "एवढे पैसे देऊन ऊन आत घेतलंस. आता चुना लावून बाहेर काढतेस होय?"

ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

तिची बाजू सांगायला हवी, कारण ती तेव्हा तिला मांडता आली नाही. पुण्यात तो कागद उबेसाठी नसतोच. तो पावसासाठी असतो. आषाढात महिनाभर पानं ओली राहिली की करपा आणि कूज, ट्रेच्या ट्रे फेकायचे. कागदाखाली पाणी आपण देऊ तेवढंच आणि मुळाशी. म्हणजे ती एक दहा गुंठ्यांची छत्री आहे. आणि छत्री उन्हात गरम होते म्हणून कुणी टाकून देत नाही. तात्या हे ऐकायला राहिले असते तर पुढे काय म्हणाले असते हेही मला माहीत आहे. "मग छत्री म्हण की. ग्रीनहाऊस कशाला म्हणतेस?"

छत्रीचं व्हायचं तेही एकदा झालं. वळवाच्या एका संध्याकाळी वाऱ्याने कागद एका कडेने उचलला आणि शिडासारखा फाडत नेला, पाठोपाठ गारा. 2020 च्या टाळेबंदीत जरबेरा रोज तोडून बांधावर टाकावा लागला, कारण झाडाला बाजार बंद आहे हे कळत नाही. त्याच वर्षाअखेर घरात कोंडलेल्या माणसांना एकदम झाडं हवीशी झाली आणि मामाच्या मनीप्लँटने हप्ते भरले. आता तिची लढाई प्लास्टिकच्या फुलांशी आहे. मंडपवाले तीच लावतात, धुवून पुन्हा लावतात. फुलांचं घर प्लास्टिकचं आणि फुलांचा वैरीही प्लास्टिकच, ह्यावर ती हसते, पण थोडंच.

पाटी अजून तीच आहे. 'अँड सन्स'. मी दोनदा म्हटलं, बदल की. तिला रंगाऱ्याचा खर्च आठवतो. शिवाय, म्हणते, पुरवठादार फोनवर "साहेबांना द्या" म्हणाला की "बोलतेय" म्हणण्यात एक मजा असते.

मी स्वतः ह्या धंद्यात आले नाही. बँकेत नोकरी केली, कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहते, बाल्कनी पश्चिमेची. गेल्या पावसाळ्यात कुंड्या सडायला लागल्या तेव्हा मामेबहिणीने त्या फाटलेल्या कागदाचा एक तुकडा पाठवला, तो मी वर ताणून बांधला. मोगरा वाचला. मग मार्च आला, आणि चार वाजता कागदाखाली हात घालवेना. चुना लावायची सोय नव्हती. सोसायटीच्या सेक्रेटरींना कागदच मुळात दिसला होता आणि त्यांचं पत्र आलं होतं. कपाटात तळाशी एक जुनं कापड होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, ते दुहेरी करून कागदाखाली टांगलं आणि फोटो मामेबहिणीला पाठवला.

तिचा लगेच फोन. "वा! किती टक्के आहे गं?"

"टक्के माहीत नाहीत," मी म्हटलं. "आजीचं लुगडं आहे."