फीच्या आधी फील्डवर्क विचारलं

बी.ए. मानसशास्त्राचा निकाल लागला आणि आमच्या ऐरोलीच्या घरात कॉलेजांच्या फीचे आकडे फिरू लागले. बाबांनी एवढंच सांगितलं, "कर्ज काढू, पण ते फिटणार कसं, हे आधी बघ."

मला हॉस्पिटलमध्ये, पेशंट आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करायचं होतं. इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो. नुसतं एम.ए. करून स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता येत नाही. आरसीआय, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, हिची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिच्याकडे नोंदणी लागते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात सायकिअॅट्रिक सोशल वर्करचीही व्याख्या आहे: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि वर सायकिअॅट्रिक सोशल वर्कमधलं पूर्ण वेळ दोन वर्षांचं एम.फिल. एम.फिल.च मुळात बंद होत आलंय, त्यामुळे पुढची वाट बदलत राहणार. म्हणून मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, धरलं. दोन वर्षांनी हॉस्पिटलात, संस्थेत नोकरी शोधता येते आणि पुढचं शिक्षणही अडत नाही.

ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये ‘सहा महिन्यांत समुपदेशक’ व्हायची सोय होती. मी विचारलं, "आरसीआयची मान्यता आहे का?" काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, सर्टिफिकेट मिळतं ना!" आरसीआयच्या साइटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे; ती उघडली की असली दुकानं आपोआप गळतात. घरबसल्या एम.ए.चा स्वस्त पर्यायही उरला नव्हता. यूजीसीने २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन शिकवायला बंदी घातली. स्वस्त पर्याय गेला याचं वाईट वाटलं, पण निर्णय मला पटतो.

देवनारची टीआयएसएस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस (स्थापना १९३६), माझ्या कॉलेजांच्या यादीत पहिली. तिथला प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवर, आणि वाशीहून हार्बरने गोवंडी काही लांब नाही. पण माझे मार्क कमी पडले.

उरलेल्या कॉलेजांत मी ऑफिसात कमी आणि कॅन्टीनमध्ये जास्त बसले. सिनिअर्सना एकच विचारायचे: फील्डवर्कला कुठे पाठवतात आणि आयसी, म्हणजे सुपरवायझरसोबतची एकास एक बैठक, दर आठवड्याला खरंच होते का? एकीने तिचं रेकॉर्डिंग, म्हणजे फील्डवर्कच्या लेखी नोंदींची वही, दाखवलं. समासात लाल पेनाने लिहिलं होतं, ‘आई रडायला लागली. मग तू काय केलंस? ते का नाही लिहिलं?’ पानापानावर असंच. दुसऱ्या एका कॉलेजातल्या मुलाच्या वहीत नुसत्या सह्या होत्या, आणि फी तिथली दुप्पट!

फीचंही नीट विचारून घ्या. ट्यूशन फी सगळे सांगतात; परीक्षा, ग्रामीण शिबिर, फील्डवर्कचा प्रवास नंतर निघतो. घरून जाऊन-येऊन करता आलं, तर हॉस्टेलचा मोठा खर्च वाचतो. महाडीबीटीची शिष्यवृत्ती बसत असेल, तर उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावरची रांग बघून लोक परत फिरतात.

शेवटी मुंबईतल्या एका अनुदानित कॉलेजात प्रवेश घेतला, लाल पेनवाल्या. ‘ठाण्याला पाठवतील हं तुला’ ही थट्टा ऐकत मोठी झाले, आणि मला खरंच ठाण्याच्या मनोरुग्णालयात, १९०१ सालच्या त्या संस्थेत, फील्डवर्क हवं होतं. आईला ते अजून पचलेलं नाही. पण पहिल्या वर्षी वस्ती, हॉस्पिटल दुसऱ्या वर्षी, असा इथला नियम. मला कळव्यातली एक वस्ती मिळालीय. बुधवार-गुरुवार तिथे असते.