शीला लागल्यासारखं

माझी धाकटी बहीण सातव्या महिन्यात आहे. परवा फोनवर विचारत होती, "ताई, जोर कधी लावायचा ते आपलं आपल्याला कळतं का गं?" मी "कळतं की" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर आठवलं, मला दोन्ही खेपांना कळलं नव्हतं.

थोरल्याच्या वेळी एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून देतात ते भुलीचं औषध, घेतलं होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पिशवीचं तोंड पूर्ण उघडलंय, 10 सेंटीमीटर. मी लगेच श्वास कोंडून तयार! त्या म्हणाल्या, "अहो थांबा, बाळाला अजून खाली येऊ दे." कंबरेखाली सगळं बधिर. पोटावर हात ठेवला तरच कळ आलीय हे समजायचं. तासभर कुशीवर पडून राहिले, मग सिस्टर सांगतील तेव्हा जोर लावला.

त्या एका तासाबद्दल मी नंतर बरंच वाचलं. 2018 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात एपिड्युरल घेतलेल्या 2,400हून जास्त पहिलटकरणी होत्या. काहींना लगेच जोर लावायला सांगितलं, काहींना तासभर थांबवलं. आपोआप, म्हणजे चिमटा-व्हॅक्यूम-सिझरशिवाय बाळंत होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं, पण थांबलेल्यांमध्ये रक्तस्राव आणि संसर्ग जास्त दिसला. त्याच वर्षीच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना मात्र, बाळावर नीट लक्ष ठेवायची सोय असेल तर एपिड्युरलनंतर तास-दोन तास थांबा म्हणतात. तेव्हा आपल्या डॉक्टरांचं मत आधीच विचारून ठेवलेलं बरं. कळा सुरू झाल्यावर कुठली चर्चा होतेय!

धाकटीच्या वेळी एपिड्युरल नव्हतं. मधेच मला शीला लागलं. म्हणजे तसंच वाटलं, अगदी जोरात. लाज वाटून मी दोन कळा गप्प राहिले. शेवटी सांगितलं, तर सिस्टर हसल्या नाहीत, त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. बाळाचं डोकं गुदाशयावर दाबलं की असंच वाटतं म्हणे. तपासलं तर 8 सेंटीमीटर. "आता अजिबात जोर लावायचा नाही."

सांगायला काय जातंय! उलटी घशाशी आल्यावर ती रोखून दाखवा, तसं ते. पण तोंड पुरतं उघडायच्या आत रेटा दिला तर राहिलेली कड सुजू शकते आणि उघडायला उलट वेळ लागतो. मला कुशीवर वळवलं आणि भाजलेल्या बोटावर मारतो तशा फुंकरा मारायला लावलं. फू, फू, फू. श्वास कोंडला की जोर लागतोच, म्हणून तोंड उघडं. अर्धा तास. दोन्ही बाळंतपणांत मला सगळ्यात जड गेला तो हाच.

पूर्ण उघडल्यावर कुणी आकडे मोजले नाहीत, "जोर, जोर" असं ओरडलं नाही. कळ आली की शरीर स्वतःच रेटत होतं, मी फक्त आड येत नव्हते. डोकं दिसायला लागल्यावर आग आग झाली आणि पुन्हा तेच, "थांबा, नुसतं फुंका." डोकं सावकाश आलं तर फाटायची भीती कमी. जोर लावण्याच्या कामात न लावण्याचंच काम इतकं असतं, हे मला आधी कुणी बोललं नव्हतं.

रात्री बहिणीला मेसेज केला : शीला लागल्यासारखं वाटलं की लाजू नकोस, उठून जाऊही नकोस, आधी सिस्टरना सांग आणि तपासून घे.

तिचं उत्तर आलं : "शीला???"