देह न टाकणारा देव

शुक्रवार, रात्री

आज एका अंत्यविधीला गेले होते. कबरेपाशी कुणीतरी घरच्यांना धीर द्यायला म्हणालं, "हे नुसतं कवच आहे हो, खरा माणूस केव्हाच वर गेला." हेतू चांगला होता, आणि अशा वेळी वाद घालायचा नसतो. गप्प राहिले. पण ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं. देह नुसतं कवच असेल, तर देवाच्या पुत्राने, येशू ख्रिस्ताने, स्वतःचा देह अजून का ठेवलाय?

देहधारण, म्हणजे देवाच्या पुत्राने माणूस होणं, म्हटलं की आपलं लक्ष त्याच्या जन्माच्या गव्हाणीकडे जातं आणि तिथेच रेंगाळतं. शब्द (योहानाच्या शुभवर्तमानात देवपुत्राला हेच नाव आहे) देही झाला, त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. पुढे क्रूस, पुनरुत्थान, स्वर्गारोहण. आणि मग? कुणी बोलून दाखवत नाही, पण बऱ्याच जणांच्या मनात चित्र असतं ते वेश पालटून नगरात फिरणाऱ्या राजाचं. पहाटे वाड्यावर परतला की फाटके कपडे उतरवले, संपलं. म्हणजे तेहतीसएक वर्षं माणूस आणि नंतर पुन्हा नुसता देव. 

मंडळीची, म्हणजे चर्चची, शिकवण अशी नाही. इ.स. 451 मध्ये खाल्केदोनला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने (ते ठिकाण आज इस्तंबूलमध्येच येतं) ख्रिस्त एकच, पण पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, असं मांडलं. हे दोन स्वभाव एकमेकांत मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागले जात नाहीत, वेगळे होत नाहीत. चारही नकारच. काहींना हे रुक्ष वाटतं. मला त्यात शहाणपण दिसतं. हे कसं घडलं ते समजावण्याचा आव न आणता, काय म्हणायचं नाही एवढंच त्यांनी ठरवून टाकलं. त्यावरूनही मंडळीत फाटाफूट झाली, तो विषय वेगळा. मी अडते ती शेवटच्या नकाराशी. वेगळे होत नाहीत, म्हणजे स्वर्गारोहणानंतरही नाहीत.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू शिष्यांसमोर उभा राहतो आणि त्यांना वाटतं, हे भूत आहे. तो हातपाय दाखवतो, चाचपून पाहा म्हणतो. तरी त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा विचारतो, इथे खायला काही आहे का? ते त्याला भाजलेल्या माशाचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यादेखत खातो. किती साधी गोष्ट! मरण जिंकून आलेला, आणि पुरावा म्हणून मासा खातोय. योहानाने तर जखमाही नोंदवल्या आहेत. नव्या, गौरवी देहावर खिळ्यांच्या खुणा तशाच. त्या पुसून टाकणं त्याला अवघड होतं असं थोडंच आहे?

प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्य याला लिहितो, देव आणि मानव यांच्यामध्ये एकच मध्यस्थ आहे, ख्रिस्त येशू हा मनुष्य. हे पत्र स्वर्गारोहणानंतरच्या काळातलं आहे, आणि शब्द आहे मनुष्य. माझी प्रार्थना तिथवर पोचते तेव्हा ती ऐकणाऱ्याला दमणं म्हणजे काय हे ऐकून माहीत नाही, भोगून माहीत आहे. गुडघे टेकता येत नाहीत म्हणून मी हल्ली खुर्चीत बसूनच प्रार्थना करते. पूर्वी त्याची खंत वाटायची, आता नाही वाटत. दुखऱ्या देहाने प्रार्थना करणं काय असतं, हे त्याला क्रूसावरून ठाऊक आहे.

म्हणूनच ते "कवच" मला पटत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणं, त्याची पाठ पुसणं, हे आत्म्याच्या कामापेक्षा खालच्या पायरीचं काम आहे असं आपण उगाच धरून चालतो. आपला विश्वास देहाच्या पुनरुत्थानावर आहे, देहातून सुटकेवर नाही.

शनिवार

कालच्या लिखाणात एक गोष्ट राहिली. मी हातापायांबद्दल, जखमांबद्दल लिहिलं, मनाबद्दल नाही. चौथ्या शतकात अपोलिनारिस नावाच्या बिशपाने मांडलं होतं की येशूचा देह माणसाचा, पण मानवी मनाच्या जागी त्याच्यात दैवी शब्दच होता. ऐकायला भक्तिपूर्ण वाटतं. त्याच शतकातला दुसरा बिशप, नाझियान्झचा ग्रेगरी, याने त्याला उत्तर दिलं ते असं: जे त्याने धारण केलं नाही, ते बरंही झालं नाही. मन घेतलं नसेल, तर मन बरं व्हायचं राहून गेलं. आणि आपलं बिघडलेलं असतं ते बहुधा तेच.

त्यामुळे गेथशेमाने बागेचा प्रसंग, क्रूसाच्या आदल्या रात्रीची येशूची प्रार्थना, आज वेगळ्या नजरेने वाचला. "माझा जीव मरणप्राय अतिखिन्न झाला आहे," असं तो पेत्र, याकोब आणि योहान यांना सांगतो, आणि इथे थांबा, जागे राहा म्हणतो. धीट दिसायची धडपड नाही. रात्री दोन वाजता उगाच धास्तावून उठणाऱ्या माझ्यासारखीला या ओळींचा आधार मोठा आहे. पण एवढंच नाही. त्याला सोबत हवी होती. ज्याच्याद्वारे सर्व काही झालं, त्याने तीन कोळ्यांकडे सोबत मागितली. परत येऊन पाहतो तर ते झोपलेले. पुन्हा जातो, पुन्हा येतो, तरी तेच. दोन स्वभावांचं सूत्र मी मान खाली घालून स्वीकारते, पण देवाला माणसांची सोबत लागली, आणि ती मिळाली नाही, हे मला अजून पचवता आलेलं नाही.