कापलेल्या नाकांची जत्रा: विन्थॉर्पमधले दोन दिवस

शनिवारची अख्खी दुपार एका स्क्रूने खाल्ली.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायरातल्या न्यूअर्क गावाबाहेर विन्थॉर्प नावाचा जुना धावपट्टीचा तळ आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे १६६१ हेवी कन्व्हर्जन युनिट होतं. जड बॉम्बफेकी विमानं हाताळायला नव्या कर्मचाऱ्यांना इथे शिकवत. आता तिथे न्यूअर्क एअर म्युझियम आहे आणि त्याच्या आवारात कॉकपिटफेस्ट भरतो. भंगारात निघालेल्या विमानांचं फक्त पुढचं टोक, म्हणजे कॉकपिटपर्यंतचं नाक, लोकांनी विकत घेऊन गॅरेजमध्ये, परसात, शेडमध्ये वर्षानुवर्षं दुरुस्त केलेलं असतं. ती नाकं ट्रेलरवर लादून सगळे इथे येतात. व्हॅम्पायर, जेट प्रोव्होस्ट, हंटर, कॅनबेरा, सगळी जुनी ब्रिटिश जेटं. शेजारी सुट्या भागांचा बाजार भरतो, पुण्याच्या जुन्या बाजारासारखाच, फक्त ढिगाऱ्यात अल्टिमीटर आणि ऑक्सिजन रेग्युलेटर पडलेले.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून न्यूअर्क नॉर्थगेटला गाडीने दीड तासाच्या आत पोचता येतं. गावात किल्ला आहे. इंग्लंडचा राजा जॉन १२१६ मध्ये तिथे वारला. तो बाहेरूनच बघितला, कारण पाय विन्थॉर्पकडेच ओढत होते. मोकळ्या माळावर वारा असा की चहाचा कागदी कप हातात धरूनच ठेवावा लागतो. जाणाऱ्याने जाड जाकीट न्यावं, आणि गुडघे टेकून कुठेही शिरता येईल अशी पँट.

तर तो स्क्रू. कॅनबेराच्या नाकात उजव्या बाजूच्या छोट्या दारातून वाकून शिरायचं. पायलटच्या मागे नॅव्हिगेटरची, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्याची, जागा. तिथल्या एका पॅनेलचे अकरा स्क्रू निघाले होते, बारावा गरगर फिरत होता. बाहेर येत नव्हता आणि आवळतही नव्हता. आधीच्या कुणीतरी २ बीए या जुन्या ब्रिटिश मापाच्या जागी एम ५ हा मेट्रिक स्क्रू ठोकून बसवला होता.

ब्रिटिश विमानांच्या उपकरणांवर काम करायचं तर बीए आटे पाठ असावे लागतात. ० बीएचा व्यास ६ मिलिमीटर, आट्याचं अंतर १ मिलिमीटर. पुढच्या प्रत्येक क्रमांकाला हे अंतर आधीच्याच्या नऊ दशांश होतं, म्हणून २ बीएला ०.८१, ४ बीएला ०.६६, ६ बीएला ०.५३. २ बीएचा व्यास ४.७ मिलिमीटर. एम ५ चा व्यास ५ आणि आट्याचं अंतर ०.८. अंतर जवळपास सारखं असल्यामुळे एम ५ ची सुरुवात २ बीएच्या नटमध्ये होते, हाताला वाटतं बसतोय. पण बीए आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश आणि मेट्रिकचा साठ. जोर लावला की पातळ नटचे आटे तरी जातात, नाहीतर पत्र्यामागे तो नट धरून ठेवणारे दोन बारीक रिव्हेट तुटतात. इथे रिव्हेट तुटले होते. स्क्रू आणि नट जोडीने फिरत होते.

जाम झालेला स्क्रू आणि फिरणारा स्क्रू हे दोन वेगळे आजार, त्यांची औषधंही वेगळी. जाम असेल तर भेदक तेल सोडून एक रात्र थांबायचं. सकाळी खाचेत नेमका बसेल असा पेचकस घ्यायचा. खाचेहून अरुंद पेचकस खाच फोडतो. मग आधी किंचित आवळायचा आणि नंतर सोडायचा, कारण गंजाची पकड उलट हिसक्याने लवकर तुटते. फिरणाऱ्या स्क्रूला तेलाचा काही उपयोग नाही. त्याचं डोकंच काढावं लागतं. डोक्याच्या बरोबर मध्यावर पंच, अडीच मिलिमीटरचं ड्रिलचं बीट, मग दांड्याच्या व्यासाचं बीट, आणि खोली फक्त डोक्याच्या जाडीइतकी. डोकं टोपीसारखं बीटवर चढून येतं, पॅनेल उचललं जातं, मागे उरलेला दांडा पक्कडीने धरून नटसकट काढायचा. घाईत बीट खोल गेलं तर पॅनेलचं भोक मोठं होतं, आणि त्या पॅनेलला पर्याय जगात कुठेही मिळत नाही. कॅनबेराच्या मालकाने हे सगळं हातड्रिलने केलं, विजेच्या ड्रिलला हात लावला नाही. तासभर लागला. मला विचाराल तर दोन दिवसांतलं सगळ्यात बघण्यासारखं काम तेच होतं.

कॅनबेरा आपल्या वायुसेनेत १९५७ पासून २००७ पर्यंत होती. अर्धं शतक. आपल्याकडची बी(आय)५८ ही आवृत्ती ब्रिटिश बी(आय)८ वरून केलेली. तिचा पायलट डावीकडे सरकवलेल्या काचेच्या घुमटाखाली बसतो आणि नॅव्हिगेटर पुढे नाकात. बी(आय)८ मध्ये माणसासकट बाहेर उडणारी इजेक्शन सीट एकट्या पायलटला होती, नॅव्हिगेटरला संकटात दारातून उडी टाकावी लागे. ते दार किती लहान आहे हे आत वाकून शिरल्याशिवाय कळत नाही. पुस्तकातल्या नकाशात ती नुसती एक चौकट दिसते.

दुसरं नाक व्हॅम्पायर टी ११ चं, म्हणजे दोन जणांच्या प्रशिक्षण आवृत्तीचं. हेही आपलं ओळखीचं: व्हॅम्पायर १९४८ मध्ये वायुसेनेत आलं ते आपलं पहिलं जेट. त्याचं मधलं धड लाकडी. बर्च प्लायच्या दोन पातळ थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड, ही मॉस्किटो या महायुद्धातल्या लाकडी विमानाकडून आलेली रीत. मॉस्किटोच्या लाकडावर मादापोलम नावाचं सुती कापड डोपने, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या लॅकरने, चिकटवत. हे नाव आंध्रातल्या नरसापूरजवळच्या मादापोलम गावाचं, तिथे ईस्ट इंडिया कंपनीची कापडाची वखार होती. गोदावरीकाठच्या गावाचं नाव इंग्रजी लढाऊ विमानाच्या अंगावर, हे मला फार आवडतं.

लाकडी धडाचा शत्रू पाणी. कॅनॉपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक घुमटाच्या, जुन्या रबरी पट्टीतून ते झिरपतं, तळाला साचतं. निचऱ्याची भोकं मातीने किंवा जुन्या रंगाने बुजलेली असतात, आणि बाल्सा पाणी पीत राहतो. तपासायला नाणं पुरतं. दर दोन बोटांवर टकटक करत जायचं: टणत्कार आला तर लाकूड धड, बसका आवाज आला तर थर सुटलेला. खडूने त्या जागेला वर्तुळ करायचं. मग ओलावा-मापक टोचायचा. बारा-पंधरा टक्के असेल तर चिंता नाही, वीसच्या वर गेलं की बुरशी धरते. ओल्या लाकडावर नवा रंग दिला की ओल आत कोंडते आणि कूज आणखी वेगाने होते. ही चूक सगळ्यात जास्त वेळा होते, कारण विमान घरी आल्यावर पहिल्या शनिवारी प्रत्येकाला रंगच द्यायचा असतो. आधी छपराखाली आणावं, भोकं मोकळी करावी, आणि एक पूर्ण उन्हाळा ते नुसतं वाळू द्यावं. कोकणात, गोव्यात काही जपायचं असेल तर याला दहाने गुणा. तिथे पाण्याबरोबर मीठही येतं आणि मॅग्नेशियमच्या ओतीव भागांचा पांढरा भुगा करतं.

सीटविषयी एक कडक सूचना. टी ११ मध्ये मार्टिन-बेकर मार्क ३ जातीची इजेक्शन सीट असते. सीट वर फेकणाऱ्या गनमध्ये एक मुख्य आणि दोन दुय्यम काडतुसं. शिवाय सीट स्थिर करणारी छोटी छत्री बाहेर फेकणाऱ्या ड्रोग गनचं काडतूस वेगळं, आणि कॅनॉपी उडवण्याची व्यवस्था असेल तर तिचं वेगळं. "सीट निष्क्रिय आहे" एवढ्या तोंडी शब्दावर कधीच बसू नये. प्रत्येक काडतुसाची जागा उघडून, रिकामी बघून, कागद हातात घेऊन मगच बसावं. सीट उडवणाऱ्या, डोक्यावरच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या मुठीला पोरांचे हात आपसूक जातात. तिथली सेफ्टी पिन लाल चकतीसकट जागेवर हवीच.

बाजारात घड्याळांसारख्या काट्यांच्या तबकड्यांचे डबेच्या डबे होते. १९५० च्या आसपासच्या ब्रिटिश उपकरणांत आकड्यांवर किरणोत्सारी रेडियमचा रंग असतो. तो आता अंधारात चमकत नाही, तपकिरी पडलेला असतो, आणि लोक समजतात की विषय संपला. संपलं ते रंगात मिसळलेल्या जस्ताच्या सल्फाइडचं चमकणं. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं आहे, त्याला सत्तर वर्षं म्हणजे काहीच नाही. काच शाबूत असेल तर धोका कमी. काच फुटलेली असेल तर भुकटी बोटाला, बोटाची भाकरीला. असं उपकरण उघडायचं नाही, घासायचं नाही. बंद कपाटात ढीग करून ठेवायचा नाही, कारण रेडियममधून निघणारा किरणोत्सारी रेडॉन वायू साचतो. हवेशीर जागी वेगळं ठेवायचं आणि हात धुवायचे. किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर घेऊन फिरणारे दोघं-तिघं तिथे दिसले, आणि कुणीही विचारलं तर ते लगेच मोजून देत होते. असा शेजार मिळणं हेच या जत्रेचं आतिथ्य. केक आणि चहाही होता, पण माझ्या लक्षात राहिला तो काउंटर.

रविवारी सकाळी एका हंटरच्या नाकात वीज सोडली. इथे चुकलं की सगळं जळतं. जुन्या विमानांत दोन प्रकारची वीज असते: २८ व्होल्ट डीसी, आणि कृत्रिम क्षितिजासारख्या जायरोंना ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ, तीन फेज. घरातली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरने ११५ व्होल्ट केले तरी कॉइलचा रोध वारंवारितेवर अवलंबून असल्याने तो आठव्या हिश्श्यावर येतो, प्रवाह कित्येक पट वाढतो, आणि दोन मिनिटांत वार्निशचा वास येतो. त्यासाठी इन्व्हर्टरच हवा. डीसीलाही आधी बेंचवरचा वीजपुरवठा लावायचा, प्रवाहाची मर्यादा अर्ध्या अँपियरवर ठेवायची आणि एकेक फ्यूज घालत पुढे जायचं. तारांचं रबर वाळून कुरकुरीत झालेलं असतं. वायर वाकवली की आवरण गळून पडतं.

मग तेलाच्या दाबाचा काटा हलला. डेसिन पद्धतीचं उपकरण: पाठवणाऱ्या बाजूला गोल रोधक, त्यावर फिरणारे दोन स्पर्श, त्यातून निघालेल्या तीन तारा, आणि काट्यामागे तीन कॉइलच्या मध्ये एक चुंबक. इंजिन नाही, तर पाठवणारं कोण? त्या माणसाने छोट्या मायक्रोकंट्रोलरमधून तीन व्होल्टेज काढले होते, तिन्ही एकमेकांपासून १२० अंशांनी सरकलेले, मध्ये ड्रायव्हर चिप. उपकरण उघडलं नाही, कापलं नाही, जुनाच प्लग जुन्याच जागी. उद्या त्याचं सर्किट काढून टाकलं तरी विमान होतं तसं राहील. काट्याच्या आत स्टेपर मोटर बसवून तो हलवणारेही तिथे होते. ते सोपं पडतं, दिसतंही छान, पण त्यात मूळ यंत्र फेकून दिलं जातं. मला ते पटत नाही.

वेग दाखवणारं उपकरण तपासायला लोक त्याच्या हवा येणाऱ्या नळीत फुंकर मारतात. तसं करू नये. १०० नॉटला लागणारा दाब म्हणजे पाण्याचा साडेसोळा सेंटिमीटरचा स्तंभ, २०० नॉटला साधारण ६७. जोरात फुंकलं तर माणूस सहज त्यापुढे जातो. प्रशिक्षण विमानाच्या उपकरणाची पातळ डबी ताणली जाते ती जातेच, वर थुंकीची वाफ आत शिरते. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरावं, मोठी सिरिंज लावावी आणि दट्ट्या हळू दाबावा. पाण्याची उंची फुटपट्टीवर आणि काटा तबकडीवर, दोन्ही समोरासमोर वाचता येतात. या तपासणीला अगदी साधं सामान लागतं.

काचेचं, म्हणजे पर्स्पेक्स या पारदर्शक प्लास्टिकचं काम एका तंबूत चाललं होतं. ओला पॉलिश पेपर ८००, १२००, २०००, दर वेळी घासायची दिशा काटकोनात बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. मग पेस्ट. मशीनचा वेग कमी ठेवायचा, नाहीतर उष्णतेने पर्स्पेक्स लाटांसारखं दिसायला लागतं. अमोनियाचा ग्लास क्लीनर किंवा थिनर लागला की आतून बारीक भेगांचं जाळं पडतं, आणि ते घासून जात नाही. आपल्याकडे चौकाचौकांत उभ्या केलेल्या कित्येक विमानांच्या कॅनॉपीवर निळा ऑइलपेंट फासलेला बघितलाय. त्या काचेखाली पायलटची जागा आहे, कुणाचे तरी हात त्या दांड्यावर होते, आणि आपण ती खिडकीच बंद करून टाकतो. तंबूत तो स्वच्छ घुमट बघताना याची फार खंत वाटली.

रंगाची गोष्ट थोडक्यात: ब्रिटिश मानकाचे आकडे वापरा. आतला हिरवट राखाडी २८३, बाहेरचा गडद समुद्री राखाडी ६३८, त्याहून गडद ६४०, गडद हिरवा ६४१. मूळ छटा उपकरणाच्या कडेखाली सापडते, तिथे ऊन पोचलेलं नसतं. आणि जिथे बोटांनी घासून रंग जाऊन धातू उघडा पडलाय, थ्रॉटलची मूठ, दाराची कड, तिथे रंग देऊ नका.

रविवारी चार वाजता आवराआवर. जड नाकांना ब्रेकवाला ट्रेलर लागतो. विनाब्रेकच्या ट्रेलरला एकूण ७५० किलोची मर्यादा आहे, ब्रेकवाल्याला ३,५०० ची. नाक कापलेलं असल्याने तोल कुठे पडेल ते आधी सांगता येत नाही. एकूण वजनाचा पाच ते सात टक्के भार गाडीच्या हुकवर यायला हवा, नाहीतर ट्रेलर रस्त्यावर शेपटी हलवतो. पट्टे पत्र्यावरून नाही, आतल्या फ्रेमच्या रेषेवरून, खाली गालिच्याचा तुकडा घालून. कॅनॉपीवर आधी सुती चादर, मग ताडपत्री घट्ट बांधून, कारण वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री शंभर किलोमीटरमध्ये सगळं पॉलिश घासून टाकते.

कॅनबेराच्या मालकाने निघताना डब्यातून २ बीएचे नवे नट मोजून काढले. बारा लागणार होते, चौदा घेतले. रिव्हेट पुढच्या शनिवारी.