एका डोळ्यावर गॉगल, आणि सरळ झोका गोल

डावी-उजवीकडे सरळ झुलणारा लंबक, एका डोळ्यावर काळी काच धरली की हवेत लंबगोल फिरताना दिसतो. कार्ल पुल्फ्रिख या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने 1922 मध्ये यावर लिहिलं, म्हणून हा पुल्फ्रिख परिणाम. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला तो दिसणं शक्यच नव्हतं, कारण त्यांचा एक डोळा तोवर अधू झाला होता. उलगडा सुचला तो झाइस या भिंगं-दुर्बिणी बनवणाऱ्या कंपनीतले त्यांचे सहकारी फर्डिनांड फेर्च यांना.

करून पाहायला छपरी पुरते. आड्याला नायलॉनचा बारीक दोरा बांधा. सुतळी नको, तिचा पीळ सुटत जातो आणि वजन स्वतःभोवती गरगरतं. खाली ट्रॅक्टरचा मोठा नट, त्यावर पांढरी चिंधी. गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत 1 मीटर ठेवलं की एक पूर्ण झोका 2 सेकंदांचा होतो, आणि पुढचा हिशेब सोपा जातो. मागे तुराट्यांचा कूड असेल तर उत्तम, कारण कोऱ्या भिंतीपुढे जवळ-लांब नीट कळत नाही. पण तो लंबकापासून मीटरभर तरी मागे हवा. आपण समोर अडीच मीटरवर बसायचं.

नट 25 सेंमी बाजूला ओढून धक्का न देता सोडा आणि आधी उघड्या डोळ्यांनी पाहा. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो: सोडताना हात जरा हलला की लंबक खरोखरच लंबगोल फिरतो, मग काचेची करामत कुठली आणि हाताची कुठली, कळत नाही. कूलरचा झोतही हेच करतो.

आता गॉगलची एक काच उजव्या डोळ्यापुढे धरा. दोन्ही डोळे उघडे, नजर झोक्याच्या मध्याखाली रोवलेल्या पऱ्हाटीच्या काडीवर. नट डावीकडून उजवीकडे जाताना जवळून जाईल, परतताना लांबून. काच डाव्या डोळ्यावर नेली की फेरा उलटा. ही अदलाबदल करायचीच. फेरा उलटला नाही तर दोष झोक्यात आहे.

कारण डोळ्याच्या पडद्यात आहे. प्रकाश कमी असला की तिथल्या पेशी हळू प्रतिसाद देतात. गडद गॉगल शेकडा 8 ते 18 इतकाच प्रकाश सोडतो, म्हणून त्या डोळ्याचा निरोप काही मिलिसेकंद उशिरा पोचतो. मेंदू मात्र दोन्ही निरोप एकाच क्षणाचे धरून चालतो. एका डोळ्याला नट जिथे आहे तिथे दिसतो, दुसऱ्याला थोडा मागे. दोन डोळ्यांतल्या अशाच फरकावरून मेंदू अंतर काढतो, त्यामुळे वेळेतली चूक त्याच्या हिशेबात अंतराची होऊन बसते.

हा उशीर पऱ्हाटीच्या काडीने मोजताही येतो. मध्याच्या जरा बाजूला दुसरी काडी धरून कोणाला तरी पुढे-मागे सरकवायला सांगा, नट तिला घासून जातोय असं वाटेपर्यंत. समजा ती झोक्याच्या रेषेपुढे 28 सेंमीवर आली. डोळ्यांतलं अंतर 6.3 सेंमी धरलं, तर दोन डोळ्यांना नट दिसतो त्या जागांत 8 मिलिमीटरचा फरक येतो. मध्यावर नटाचा वेग सेकंदाला 78 सेंमी. म्हणजे उशीर झाला सुमारे 10 मिलिसेकंद. परतीच्या बाजूला तेवढ्याच उशिराने 36 सेंमी भरतात. पुढचा-मागचा फुगवटा सारखा नसतो, ही भूमिती आहे, मोजणीची चूक नव्हे.

वैशाखातल्या दुपारी उघड्या अंगणात फेरा अरुंद दिसेल, कारण लख्ख उजेडात काचेआडच्या डोळ्यालाही भरपूर प्रकाश मिळतो. दिवेलागणीच्या आधी तो फुगतो. तिरळेपणा असलेल्यांना किंवा एका डोळ्याने कमी दिसणाऱ्यांना काहीच न दिसणं शक्य आहे. उलट कोणाला काचेशिवायच सरळ झोका गोल दिसत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं: एकाच डोळ्यातल्या मोतीबिंदूत किंवा दृष्टीच्या नसेला सूज आल्यावर असं होतं. अशा माणसाला रस्त्यावर आडव्या जाणाऱ्या मोटारसायकलचं अंतरही चुकीचं वाटू शकतं.

2019 मध्ये याचं उलटं रूपही सापडलं. एका डोळ्यातलं चित्र काळपट न करता नुसतं धूसर केलं, तर त्याचा निरोप एक-दोन मिलिसेकंद लवकर पोचतो. वाचायच्या चष्म्याची एकच काच उजव्या डोळ्यापुढे धरून पाहा, कमी नंबरची. जास्त नंबरने नटच हरवतो. फेरा जेमतेम पाच-सहा सेंमी फुगेल, पण गॉगलच्या विरुद्ध दिशेने.