काढा आणि परत भरा

७ एप्रिल २०२०, मंगळवार. कोरोनाची टाळेबंदी सुरू. ग्वाल्हेरच्या हजीरा भागातली आमची बँकेची शाखा उघडायच्या आधीच बाहेरचे चुन्याचे गोल भरलेले होते, पण माणसांनी नाही, चपलांनी. बायका समोरच्या बंद दुकानांच्या सावलीला बसलेल्या आणि प्रत्येकीची चप्पल किंवा पिशवी तिच्या वतीने रांगेत उभी. चपलांनी अंतर फार छान पाळलं. शटर वर गेल्यावर बायकांनी नाही.

जनधन खातं असलेल्या बायकांना एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने सरकारकडून दरमहा पाचशे रुपये मिळणार होते. गर्दी नको म्हणून खातं क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस ठरले होते. ३ तारखेला ० आणि १, ४ ला २ आणि ३, मध्ये रविवार आणि महावीर जयंती, मग ७ ला ४ आणि ५. कागदावर चोख. प्रत्यक्षात कुणी आधारचा आकडा बघून आलेली, कुणी मोबाइलचा. गार्डभैया लांबूनच पासबुक उघडायला लावून एकेकीला परत पाठवत होते आणि शिव्या खात होते.

मी कॅशवर. नोटा मोजताना बोट ओलं करायचा स्पंज उचलून ठेवला होता, हातमोज्यांत नोटा सरकत नव्हत्या, आणि निम्म्याजणींना पाचशेची नोट नकोच होती. किराणावाला उघडला तरी सुटे देत नाही, शंभराच्याच द्या.

साधारण अकराच्या सुमाराला एक बाई आली. घरकाम करणारी, मालकिणीने मार्चपासून येऊ नको सांगितलेलं. अंगठा उठवला, पाच नोटा घेतल्या, नीट मोजल्या आणि खिडकीतून परत माझ्याकडे सरकवल्या.

“मैडम, अब इसे जमा कर दो।”

मला वाटलं नोटा फाटक्या आहेत. तसं नव्हतं. वस्तीत बातमी होती की जी पैसे काढणार नाही, तिचे सरकार परत घेणार. म्हणून एकदा काढायचे, म्हणजे ते आपले झाले; मग खात्यात ठेवायला हरकत नाही. मी सांगितलं, असं काही नाही, पैसे तुझेच आहेत, कुणी नेत नाही. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “आप सही कह रही हो, पर जमा कर दो।” मी भरणा स्लिप लिहिली. मागच्या दोघीतिघींनी ते पाहिलं आणि त्यांनाही तसंच करायचं होतं. आमचे मॅनेजर डोकं धरून बसले: एकाच पाचशेला दोन-दोन नोंदी! मला मात्र त्या बाईचं चुकलं असं अजूनही वाटत नाही. अफवा खोटी होती, आणि सरकारनेही थोड्या दिवसांनी तसा खुलासा केला. पण तो खुलासा करावा लागला, यातच सगळं आलं.

सगळ्यात वाईट वेळ त्या बायकांना ‘नाही’ सांगायची. पासबुक तसंच, शिल्लकही शून्याच्याच आसपास, पण खातं जनधनमध्ये धरलेलंच नव्हतं. त्यांना काय समजावणार? शेजारणीला आले, मला का नाही, याचं उत्तर कॅशच्या खिडकीत नसतं. त्याच महिन्यात शेजारच्या भिंड जिल्ह्यात अशाच पाचशेसाठी जमलेल्या बायकांना पोलिसांनी अंतर पाळलं नाही म्हणून धरून नेलं आणि दहा-दहा हजारांच्या जातमुचलक्यावर सोडलं, असं वाचलं. पाचशेला दहा हजार!

दुपारी शहराच्या लष्कर भागातले आमच्या ओळखीचे काका पेन्शनला आले. ए. जी. ऑफिसातून, म्हणजे महालेखापाल कार्यालयातून निवृत्त, हिशेब त्यांच्या रक्तात. आदल्या रविवारी पंतप्रधानांच्या आवाहनाप्रमाणे रात्री नऊला त्यांनी गच्चीत पणत्यांची रांग लावली होती, फोटोही पाठवला होता. रांगेकडे बघून म्हणाले, “पाचशेत काय होतं गं? द्यायचे तर धड द्यायचे. ही नुसती धूळफेक.” मी परत भरण्याची गोष्ट सांगितली. खूप हसले. “अडाणी आहेत बिचाऱ्या. सरकार दिलेलं परत घेतं होय?”

२३ एप्रिलला केंद्राचा आदेश निघाला. कर्मचारी आणि पेन्शनर, दोघांचीही महागाई भत्त्याची वाढ जानेवारी २०२० पासून रोखली, थेट जुलै २०२१ पर्यंत. मे महिन्यात काका पुन्हा आले. मास्कच्या आतून आवाज जरा दबलाच होता. पासबुक छापून दिलं तरी खिडकीवरून हलेनात.

“काय गं, हे थांबवलेलं नंतर एकरकमी मिळेल ना? का गेलं ते गेलंच?”

म्हटलं, “काका, तुमचं खात्यात आलेलंच नाही. आलं असतं तर मीच काढून परत भरून दिलं असतं.”