डिकी भरताना: भंडारदऱ्याच्या काठी एक रात्र

दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा तंबू घेऊन भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावाला गेलो, तेव्हा पोचायला साडेसात वाजले. जानेवारीतला काळोख. टॉर्च होता, पण त्याच्या पिशवीवर गाद्या, गाद्यांवर पाण्याचे कॅन आणि सगळ्यांवर खाऊचं खोकं. लेकाच्या हातात मोबाईलचा उजेड देऊन आम्ही अख्खी डिकी ओल्या गवतावर रिकामी केली. अंथरुणं भिजली ती रात्रभर वाळली नाहीत.

यंदा बाबा सोबत होते. त्यांनी आयुष्यभर एसटी चालवली. पूर्वी गाडीच्या टपावर सामान चढायचं, तेव्हा शेवटच्या गावाची पोती आधी चढवायची आणि पहिल्या थांब्याची सगळ्यात शेवटी, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. नाशिकहून निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला डिकीपाशी उभं केलं.
"अगं, उतरल्यावर पहिलं काय लागणार?"
"टॉर्च. मग ताडपत्री, तंबू, हातोडा."
"मग ते सगळ्यात शेवटी भर."

माझ्या मते गाडीने तंबूत राहायला जाण्याचं निम्मं शास्त्र एवढ्यातच आहे. पाठीवर ओझं वाहायचं नसतं, म्हणून आपण काहीही घेतो. पण हवी ती वस्तू अंधारात हाताला लागली नाही, तर ती घरी राहिल्यासारखीच. आम्ही वीस लिटरचा पाण्याचा जार खाली, मागच्या सीटला टेकवून ठेवला. जड सामान खाली आणि पुढच्या बाजूला असलं की वळणांवर गाडी झोलत नाही. उशा मागच्या काचेच्या खालीच राहतील एवढी काळजी घेतली. पंक्चरचं किट, हवा भरायचा छोटा पंप आणि जंपर केबल सीटखाली गेल्या.

घोटी, बारी करत दुपारी तीनलाच शेंडीत पोचलो. कळसूबाई, 1646 मीटर, उन्हात स्वच्छ दिसत होती. भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं. प्रवरेचं पाणी अडवणारा तो दगडी बांध मागे टाकून मुतखेलच्या बाजूला गेलो आणि एका शेतमालकाला विचारून काठावरच्या त्यांच्या पडीक तुकड्यावर तंबू लावला. इथली माती वरवरची, वीतभर खाली काळा कातळ. तंबूसोबत येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या पहिल्या घावाला वाकतात. आम्ही फॅब्रिकेशनवाल्याकडून सळईच्या चौदा खुंट्या करून घेतल्या होत्या, त्या नीट बसल्या. खालची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर येऊ द्यायची नाही, आत दुमडायची. नाहीतर दव तिच्यावर ओघळून थेट अंथरुणाखाली येतं.

थंडी वरून येते असं आपल्याला वाटतं. खरी थंडी जमिनीतून येते. हवा भरायच्या गादीत आतली हवाच गार पडते, म्हणून आधी फोमची मॅट, वर सतरंजी, मग आजीची गोधडी. एक पांघरूण कमी असलं तरी चालेल, पण मॅट विसरू नका.

रात्री नऊच्या सुमाराला शेजारच्या तंबूतली तरुण मुलं धगधगती कोळशाची शेगडी आत न्यायला निघाली. बाबा लगेच उठले.
"दादा, ती बाहेरच राहू दे. कोळशातून निघणाऱ्या वायूला वास नसतो. झोपेत कळतही नाही, आणि माणूस उठत नाही."
मुलं थबकली. बाबांनी आमची एक जादा चादर त्यांना दिली आणि शेगडी स्वतः उचलून दूर दगडावर नेली. कार्बन मोनॉक्साइड हे त्या वायूचं नाव. थंडीच्या दिवसांत अशा बातम्या दरवर्षी वाचतो, तरी माणसं बंद जागेत शेगडी पेटवतात. गाडीत इंजिन चालू ठेवून झोपणंही तितकंच घातक. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी पायाशी घ्या. आमच्या सामानातली सगळ्यात हलकी आणि सगळ्यात लाडकी वस्तू तीच.

पहाटे चहाला स्टोव्ह पेटवला तर ज्योत नीट जळली. मागच्या वेळी ती मिणमिणत होती. थंडीत कॅनमधल्या ब्युटेन वायूचा दाब घसरतो, म्हणून यंदा प्रोपेन मिसळलेला कॅन आणला होता आणि रात्री तो तंबूबाहेर, पण गोणपाटात गुंडाळून ठेवला होता.

निघताना तंबू दवाने चिंब होता. तसाच गुंडाळला तर बुरशी धरते, म्हणून तो गाडीच्या टपावर पसरला आणि ऊन चढेपर्यंत थांबलो. तेवढ्यात बाबांनी खुंट्या मोजल्या. तेरा. लेक म्हणाला, "आजोबा, एकच तर आहे, दुसरी करून घेऊ."
"गुरं चरतात इथे," ते म्हणाले, आणि गुडघ्यांवर बसून गवत चाचपायला लागले. आम्हीही बसलो. दहा मिनिटांनी लेकाच्या हाताला ती लागली, दवाने गार पडलेली.